यादवच्या वावराखालचा चुना

विहीर खचली ती कुणाला न विचारता. भर दुपारी देवराम मोट हाकत होता. बैल धावेच्या टोकाला पोचले होते, सोंड थारोळ्यात ओकत होती, आणि पोटात कळ यावी तशी थारोळ्याच्या अंगाची माती हलली न् गप्पकन खाली गेली. पाण्यातून असा आवाज आला की मालूबाईला वाटलं, नवराच पडला. ती केळीतून धावत आली. देवराम कडेला उभा होता, हातात कासरा, तोंड उघडं.

"पडले का हो?"

"मी नही पडलो. इहीर पडली."

देडतलाईच्या कडू गवंड्याला बोलावलं. कडूने आधी चहा घेतला, मग काठावर उकिडवं बसून खाली एक खडा टाकला आणि कान लावला.

"बाई, दगड तुमच्याजवळ आहे. चुना पाहिजे. मिरगाच्या आत ही बाजू बांधली तर बांधली. एक पाणी मुरलं की इहीर नही ऱ्हाणार, डबरं होईल. मंग केळीले काय पाजाल, चहा?"

केळीचा पट्टा लहानसाच होता, पण घर त्याच्यावर उभं होतं. कापूस एखाद्या साली हसायचा, एखाद्या साली रडवायचा. केळीनं कधी तोंड फिरवलं नव्हतं. विहीर गेली की केळी गेली, एवढं कळायला कडूची गरज नव्हती.

पण चुना कुठला? बऱ्हाणपूरच्या बाजारात चुना होता तो तंबाखूला लावण्यापुरता. दुकानदार म्हणाला, आता स्वराज्य आलंय, जो तो बांधायला निघालाय, पुढच्या दिवाळीला या. देवराम तिथून निघाला तो तुकईथडच्या वाटेवर येईस्तोवर दिवाळीला शिव्या देत होता.

मग मालूबाईला राजाच्या खदानीची आठवण झाली.

गावाच्या वरच्या अंगाला ते खोल भगदाड होतं. सातपुड्यापल्याडच्या कुठल्याशा राजाला महाल बांधायचा होता. त्याच्या ठेकेदारानं इथली जमीन उघडी केली आणि चुनखडी खणून भट्ट्या लावल्या. वर्षभर गाव पांढरं झालं होतं, म्हशीसुद्धा. आणि मग दिल्लीत काहीतरी सह्या झाल्या, सगळे राजे एकापाठी एक सरकारात मिसळले, त्यात हाही मिसळला. महाल गुडघ्याएवढा झाला होता तो तसाच राहिला. ठेकेदार एका सकाळी दिसला नाही. राहिली ती खदान. मधली चुनखडी राजानं नेली होती. कडेची तेवढी राहिली होती. उभ्या भिंतीत काळ्या मातीखाली तो पांढरा थर स्वच्छ दिसायचा, भाकरीच्या फुगलेल्या पापुद्र्यासारखा, आणि भिंतीच्या आत आत गेलेला.

खदानीला कडा तीन. एकीवरून गाडीवाट जात होती. तिच्याखाली खणलं तर गावाच्या गाड्या पोटात येणार. दुसरीला नाला, तिथं थर पातळ. तिसरी कड यादवच्या वावराची.

यादव म्हणजे देवरामचा सख्खा धाकटा भाऊ. आणि वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

वाटणीत भांडण जमिनीवरून झालं नव्हतं. झालं ते बैलांवरून. बापाची एक जोडी होती, पंचांनी एकेक बैल एकेकाला दिला. आता दोघांकडे एकेक बैल, आणि दुसरा गावात मागून आणायचा. बैलांनी भांडण मानलं नव्हतं. ते बांधावर आले की एकमेकांच्या माना चाटायचे, आणि भाऊ दोन्हीकडून कासरे ओढायचे. जावा मात्र नाल्यावर कपडे धुताना पोटभर बोलायच्या. काम पडलं की भाऊही बोलायचे, पण बायकोकडे तोंड करून. "मालू, सांग त्याले, बांधावरचं गवत माझं आहे." आणि यादव हाताच्या अंतरावरून: "मथुरे, सांग त्यांले, गवताले नाव नसतं."

म्हातारी धुरपदाबाई दोघांकडे आळीपाळीनं जेवायची. पण दिवाळीनंतर लेव्हीवाले सरकारी वसुलीचं धान्य घेऊन गेले आणि यादवनं हात वर केले. घरात दाणा नही, म्हणाला. माय तिकडंच राहू दे. फाल्गुनात मथुराबाई स्वतः येऊन मालूबाईकडून सूपभर ज्वारी घेऊन गेली होती, मान खाली घालून. मालूबाईनं सुपावर आणखी एक ओंजळ टाकली होती.

"यादवभाऊंले विचारा ना एकदा," मालूबाई नवऱ्याला म्हणाली.

"कोणाले?"

"तुमच्या भावाले."

"आपल्याले भाऊ आहे?" देवरामनं पहार खांद्यावर टाकली. "वावर वरून त्याचं. खालून कोणाचं, हे पंचांनी सांगितलं नही. मी त्याच्या मातीले हात लावणार नही. खालच्या खाली चुना काढीन."

कामाची रीत अशी बसली. देवराम भिंतीत थराच्या उंचीचं बीळ कोरायचा, बसून जाता येईल एवढं. आधी पहारीनं ढिला करायचा, मग कुदळीनं ओढायचा. मालूबाई मागं टोपलं घेऊन. वरची काळी माती पडू नये म्हणून बाभळीचे दोन टेकू. बिळात ऊन नव्हतं पण वाराही नव्हता. देवरामच्या पाठीवरून घाम वाहायचा, त्यावर पांढरी भुकटी बसायची, आणि संध्याकाळी तो बाहेर आला की भट्टीतून काढलेला गणपती दिसायचा. मालूबाईच्या पापण्या पांढऱ्या झाल्या. धुरपदाबाई खदानीच्या तळाशी पळसाच्या सावलीत बसून खडे निवडायची आणि बिळाकडे तोंड करून बोलायची.

"देवा, तुझा बाप उंदरं मारायचा. तू उंदीर झाला."

"माय, चूप बस."

"मी काय म्हणते, बीळ कोरलं ते कोरलं, धान्य तरी सापडायले पाहिजे. उंदराले सापडतं."

म्हातारीला वाटलं विनोद झाला. ती स्वतःच हसली.

वर वावरात यादव दिवसभर खाटेवर पडलेला असायचा. गोठ्याजवळ उघड्यावरच खाट टाकायचा, ऊन आलं तरी हलवायचा नाही. खाली ठक्ठक् चालायचं, ते त्याला ऐकू येत नसणार असं नाही. पण तो उठून काठावर आला नाही. मालूबाईला याचंच नवल वाटायचं. गवताच्या काडीवरून पंचायत बसवणारा माणूस, त्याच्या वावराखालून टोपल्यामागं टोपलं चाललंय, आणि हा कुशीसुद्धा बदलत नाही.

त्या दिवशी थर उजवीकडे वळला. दाट, गुळगुळीत, लोण्यासारखा. देवरामला राहवलं नाही. तो आत सरकत गेला. पहार घातली, ती एकदम सैल गेली. त्यानं ओढली. भिंतीतून खरवडल्यासारखा आवाज आला, मग सळसळ, आणि मग मालूबाईच्या पायांवरून काहीतरी गार, गोल, चपळ वाहत आलं.

तिनं ओंजळ भरून उजेडात पाहिली. ज्वारी. टपोरी, पांढरी, मोत्यासारखी.

"अवो," ती म्हणाली, "तुम्ही काय फोडलं?"

आतून खोकला आला. मग आवाज आला, जरा चेपलेला. "मालू, मी अडकलो."

ज्वारी त्याच्या कमरेपर्यंत आली होती. बघता बघता छातीपर्यंत आली. पाठ चुनखडीच्या भिंतीला, पुढून दाणा, पाय कुठं आहेत ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मालूबाई दोन्ही हातांनी उपसू लागली. एक टोपलं बाहेर टाकलं की दोन टोपली आत येत होती. तिनं त्याचा हात धरून ओढलं. हात आला, देवराम आला नाही.

"ओढू नको, खांदा निसटून राह्यला!"

"श्वास येतो ना?"

"येतो. नाकात दाणा आहे एक."

बाहेर धुरपदाबाई हातावरची ज्वारी निरखत होती. एक दाणा तिनं दातांखाली घेतला. तीनच दात राहिले होते, पण त्यांना ज्वारी कळत होती.

"ही आपल्या मळ्यातली," ती हळूच म्हणाली. "यादव्यानं जमिनीत पुरलेलं पेव आहे हे."

मालूबाई काठ चढून वर धावली. वर यादव उठून उभा होता. खाटेचा एक पाय जमिनीत गेला होता, आणि ती खाट दचकलेल्या शेळीसारखी एका अंगाला कलली होती. यादव तिच्याकडे बघत होता. खाटेखालची जमीन हळूहळू बशीसारखी खोल होत चालली होती.

मालूबाईला सगळं एकाच वेळी कळलं: खाट का हलत नव्हती, माणूस का उठत नव्हता, लेव्हीला दाणा का नव्हता. तिला सूप आठवलं. वरची ओंजळही आठवली. पण आता ते नव्हतं.

"भाऊजी, पेव उघडा. दाणा वरून उपसा. तुमचे दादा खाली छातीपर्यंत गेले."

"कोणतं पेव?" यादव म्हणाला. सवय होती.

तेवढ्यात खाटेचा दुसरा पाय गेला.

मथुराबाई गोठ्यातून फावडं घेऊन आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाट उलटवली, माती ओढली, खालचा कडबा फेकला. पेवाचं तोंड उघडलं आणि आंबूस, उबट वास वर आला. यादव आत वाकला, तशी तिनं त्याची बंडी धरून मागं खेचला.

"आताच उघडलं आहे. कोंडलेली वाफ जाऊ द्या, गुदमराल. तुम्ही बी आत पडले तर मी कोणा कोणाले उपसू?"

तोवर यादव काठावर जाऊन खाली बघू लागला. खाली बिळाच्या तोंडाशी ज्वारीचा ढीग, ढिगावर बसलेली त्याची आई, आणि आत अंधारात भावाचं पांढरं तोंड.

देवरामनं ते तोंड वळवलं. बिळाच्या भिंतीकडे बघून म्हणाला, "मालू, सांग तिकडं, दोर टाका म्हणावं."

यादवनं काठावरून मान वळवली. "मथुरे, विचार त्यांले, माझ्या पेवात काय काम होतं."

"मालू, सांग त्याले, मी पेवात आलो नही. पेव माझ्याकडं आलं."

"मथुरे, सांग त्यांले..."

"बस!" धुरपदाबाई ओरडली. "तुमच्या सांगण्यात माझा लेक मरून जाईल! यादव्या, टोपलं घे!"

वाफ निवाली. यादव पेवात उतरला आणि वरून ज्वारी उपसू लागला. मथुराबाई टोपली ओढून गोठ्यात टाकत होती. खाली मालूबाई वाट मोकळी करत होती. थोड्या वेळानं ज्वारीचं वाहणं थांबलं. ती आता देवरामच्या छातीवरून पोटावर आली होती. अजून थोडं उपसलं की निघाला असता. आणि गाडीवाटेवरून टट्टूच्या घुंगरांचा आवाज आला.

पंडित पटवारी. लेव्हीच्या वेळी हाच घराघरांतून उतरंडी ठोकून बघत फिरला होता. त्याच्या टट्टूला घाई नव्हती आणि त्यालाही नव्हती. खदानीत माणसं दिसली की थांबणार, हे नक्की.

मालूबाईनं विचार केला नाही. चुनखडीच्या भुकटीचं टोपलं उचललं आणि ज्वारीच्या ढिगावर उपडं केलं. मग दुसरं, बिळात देवरामभोवती. पांढऱ्यावर पांढरं. जे झाकलं गेलं नाही त्याच्यावर धुरपदाबाई आणखी पसरून बसली आणि लुगड्याचा घेर नीट केला. मथुराबाईनं वर पेवाच्या तोंडावर खाट टाकली. यादव खालीच राहिला.

पटवारी पायवाटेनं तळाशी आला. रुमालानं मान पुसली.

"क्या चल रहा है, मालूबाई? चुना काढता का?"

"हाव साहेब. इहीर खचली ना."

"आत कोण आहे?"

"आमचे मालक."

पटवाऱ्यानं वाकून बघितलं. अंधारात देवराम बसलेला, हात मोकळे, पोटापर्यंत भुकटीच भुकटी.

"राम राम साहेब," देवराम म्हणाला.

पटवारी वाट बघत राहिला. देवराम उठला नाही.

"स्वराज्य झालं म्हणून सरकारी माणूस आला तरी बसूनच राम राम करायचा, हे कुठून शिकला?"

"साहेब, उठता येत नही."

"काहून?"

मालूबाई म्हणाली, "वात आहे त्यांले. बसले की बसतात."

"वात आहे तर बिळात काहून बसवला?"

"आत उबदार असतं साहेब," धुरपदाबाई ढिगावरून म्हणाली. "वाताले चांगलं."

पटवाऱ्यानं म्हातारीकडे पाहिलं. "तुम्ही आजी, इथं उन्हात काय करता?"

"राजाचा महाल पाहून राह्यले. मोठा होता म्हणतात."

पटवाऱ्याला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. मग वर बघून हिशेब केल्यासारखं म्हणाला, "ही कड तर यादवच्या वावराची. त्याच्या जमिनीखालून काढता? त्याले माहीत आहे? तुमचं तर बोलणं नही म्हणतात. कल तो येऊन माझ्याजवळ रडेल, साहेब, भावानं चोरी केली. मंग मले लफडं. कुठी आहे यादव?"

धुरपदाबाईनं लुगड्याचा घेर आणखी पसरला.

मग वरून, खाटेखालून, जमिनीच्या पोटातून आवाज आला.

"साहेब, मी इथं आहे."

पटवारी दचकून मागं सरला. "कुठी?"

"वर. खाटेजवळ." थोडं थांबून, "निजलो होतो."

"तुझा भाऊ तुझ्या वावराखालचा चुना काढतो. तुझी ना नही?"

आता यादवची पंचाईत बघा. हरकत आहे म्हटलं तर पटवारी वर येणार, कड कुठून कुठवर म्हणून काठी रोवणार, आणि काठी रोवायची जागा खाटेच्या आसपासच. हरकत नाही म्हटलं तर गावातल्या पहिल्या सरकारी माणसासमोर भावाला भाऊ म्हटल्यासारखं होणार. मालूबाई खाली उभी राहून ऐकत होती. तिचा हात टोपल्याच्या कडीत होता आणि कडी हातात रुतत होती. विहीर, केळी, मिरग, सगळं त्या खाटेखालच्या भोकात जाऊन बसलं होतं.

"नही साहेब," यादव म्हणाला. "मीच सांगितलं त्यांले."

"काय सांगितलं?"

"का जितका लागल तितका चुना घ्या."

"मोफत?"

खाटेखालून खोकला आला. मग: "सगा भाऊ आहे साहेब."

मथुराबाईनं पदर तोंडात कोंबला. देवरामनं बिळात मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते भुकटीमुळे कळलं नाही. पटवारी मान हलवत टट्टूकडे गेला. जाता जाता म्हणाला, "अशे भाऊ पाहिजे. आमच्याकडं नही."

घुंगरं वळणापलीकडे गेली तसा यादव खाटेखालून निघाला. केसांत कडबा, कानात दाणे. काठावर येऊन बायकोकडे तोंड करून म्हणाला, "मथुरे, सांग त्यांले, ते पटवाऱ्यापुरतं होतं."

मथुराबाईनं सांगितलं नाही. ती फावडं खाली टेकवून नुसती उभी राहिली.

"भाऊजी," मालूबाई खालून म्हणाली, "पटवारी अजून नाल्यापर्यंत पोचला नसेल. हाक मारू का?"

यादवनं नाल्याकडे पाहिलं. खाली ज्वारीवर बसलेल्या आईकडे पाहिलं. म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती लुगड्याच्या ओच्यात दाणे भरत होती, सावकाश, चुना झटकून झटकून.

"माय," यादव म्हणाला, "तू चल घरी आता."

"कोणत्या? ज्या घरात दाणा नही त्या?"

"माय..."

"दिवाळीपासून मोठ्या सुनेच्या हातची खाऊन राह्यले. तिनं पातळ आंबील आपण पिली, घट्ट मले दिली. तू वर खाटेवर पडून माझा खोकला ऐकला असशील." तिनं ओचा खोचला. "चुना देशील तितका दे. मी काही बोलणार नही. माझं काय बोलणं."

यादव उतरून खाली आला. भावाचा एक हात त्यानं धरला, दुसरा मालूबाईनं. देवराम निघाला, पण धोतर निघालं नाही. ते ज्वारीच्या खाली कुठंतरी राहिलं. तो बाहेर उभा राहिला, वरपासून खालपर्यंत पांढरा, नुसत्या लंगोटीवर. धुरपदाबाईनं कपाळाला हात लावला. यादवनं खांद्यावरचं उपरणं काढून बाजूच्या दगडावर ठेवलं, कुणासाठी ते न सांगता, आणि वर निघून गेला.

त्यानंतर चुना निघाला तो उघड उघड निघाला. फुटलेलं पेव आतून चिखल-कडब्यानं बुजवलं, ज्वारी गोठ्याच्या माळ्यावर गेली, आणि सूपभर ज्वारी एके सकाळी मालूबाईच्या ओट्यावर आली. वर एक ओंजळ होती. ती मालूबाईनं आत नेली, आणि नाल्यावर जावेला म्हणाली, "चुन्याचा वास येते हिले," आणि दोघी जणी धुणं बाजूला टाकून हसत सुटल्या.

भट्टी लागली. चुना विरला, चिखलासारखा मळला, कडूनं विहिरीत उतरून तळापासून दगड चढवायला सुरुवात केली. थारोळ्याखालची बाजू मान ताठ करून उभी राहिली. भाऊ अजूनही बायकांकडे तोंड करूनच बोलत होते. फरक एवढाच की आता जास्त बोलत होते.

मिरग तोंडावर आला. ढग खाकनारच्या बाजूनं जमायला लागले. कडूनं खालून हाक मारली, "बाई, वरच्या फेराले चुना कमी पडतो! अजून एक गाडी चुनखडी पाहिजे!"

देवराम पहार घेऊन खदानीत गेला. जुन्या बिळाच्या डावीकडे थर पातळ झाला होता. उजवीकडे, बुजवलेल्या पेवाच्या पलीकडे, तो पुन्हा दाट दिसत होता, तसाच लोण्यासारखा. त्यानं तिथं टेकू लावला. मालूबाईनं टोपलं ठेवलं. देवरामनं पहार उचलली.

वरून धडपडत कुणीतरी पळत आलं. माती घसरली, दगड घरंगळले. यादव पायवाट सोडून सरळ काठावरून खाली आला, गुडघा फुटला तरी थांबला नाही, आणि थेट देवरामच्या समोर येऊन उभा राहिला. मथुराबाई आसपास नव्हती. सांगायला कुणी नव्हतं.

"दादा," तो म्हणाला. श्वास लागला होता. "दादा, तिकडं नको."

देवरामनं पहार खाली घेतली. इतक्या वर्षांनी कानावर पडलेला तो शब्द त्याला आधी ओळखूच आला नाही. मग त्यानंही मालूबाईकडे तोंड वळवलं, आणि वळवता वळवता मध्येच थांबून भावाकडेच केलं.

"काहून रे?"

यादवनं वर पाहिलं, गाडीवाटेकडे पाहिलं, आणि आवाज अगदी बारीक केला.

"तिकडं दुसरं आहे."

पळसाच्या सावलीत धुरपदाबाईनं खडे निवडायचे थांबवले. मालूबाईनं टोपलं उचललं आणि डावीकडे ठेवलं.